घटातल्या गोळ्या

डिंगोऱ्यात साळुबाईचं नाव कुणी काढलं, की बोलणारा आधी मागं वळून बघतो. तसं तिनं कुणाचं वाईट केलेलं नाही, पण आवाज असा, की टोमॅटोच्या तोडणीला बायांची टोळी घेऊन ती एका रानात उतरली, की बांधापलीकडच्या रानातल्या बायाही गप्पा सोडून हात चालवू लागतात. टोळीची ती मुकादमीण. कुणाच्या रानात कधी जायचं, कुणाला कोणती सरी द्यायची, चहाला कधी बसायचं, सगळं ती ठरवणार. टोळीतली एखादी बाई तापानं फणफणली, तर तिला धरून ओतूरच्या डॉक्टरकडं नेणार आणि सुई टोचेपर्यंत समोर उभी राहणार. दुसऱ्याला औषध पाजण्यात साळुबाईचा हात धरणारं माणूस पंचक्रोशीत नाही. स्वतःचं दुखणं मात्र तिला ठाऊक नव्हतं. डोकं दुखलं की ओवा, पोट दुखलं की ओवा, गुडघा दुखला तरी ओवाच.

नवरा भिमाजी तिच्या अगदी उलट. घरातलं बोलायचं खातं त्यानं लग्नानंतर लगेच बायकोकडं देऊन टाकलं आणि आपण दोन गाई, थोडा ऊस आणि बिडी एवढ्यावर समाधानी राहिला. "आमच्या घरात रेडू एकच हाय," असं तो कधीमधी म्हणायचा, "आन त्याला बटान न्हाई." साळुबाईला हे ऐकून राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. माणूस दिवसातून एक वाक्य बोलतो आणि तेही आपल्याबद्दल, म्हणजे थोडं झालं का?

त्याच्यात खोट एकच. घरातलं कुठलंही काम त्याला यायचं नाही. चहासुद्धा नाही. एकदा ती माहेरी अवसरी बुद्रुकला गेली होती, तेव्हा त्यानं चहा म्हणून जे काही उकळलं होतं, ते गाईनंही हुंगून सोडून दिलं, असं पोरगा भरत अजून सांगतो.

तर श्रावण सरत आला होता. टोमॅटो जोरात होता, नारायणगावच्या बाजारात भावही बरा होता, आणि साळुबाई टोळी घेऊन सकाळपासून तोडणीला होती. दहाच्या सुमाराला तिच्या जबड्यापासून पाठीपर्यंत कळ गेली. अंगाला दरदरून घाम सुटला. तिनं कमरेची चंची सोडली, ओवा तोंडात टाकला, पित्त झालं म्हणून कॅरेटवर बसली, आणि बसल्या बसल्याच पुढचं कॅरेट भरायला घेतलं. पलीकडच्या सरीत अक्षदा होती. ठमाबाईची धाकटी सून, टोळीतली सगळ्यात नवी. तिनं दोनदा मान वळवून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि हातातले टोमॅटो खाली टाकून ओरडली, "मावशी गप बसलीया. कायतरी लई वाईट झालंया."

पोरीचं निदान बरोबर निघालं. बाजाराला निघालेल्या पिकअपमधून कॅरेटं खाली उतरवली आणि त्या जागी साळुबाईला घातलं. "माल कोण न्हेणार आता?" एवढं ती वाटेत एकदा पुटपुटली, तेव्हा सगळ्यांना जरा धीर आला. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली, सुई दिली, जिभेखाली गोळी ठेवली आणि गाडीत घालून थेट पुण्याला धाडलं. भिमाजी तिच्या उशाशी बसला होता. मंचर गेलं, खेड गेलं, चाकणला भरत गाडीत चढला, तरी भिमाजीनं तिच्या पायाचा अंगठा सोडला नव्हता.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. वयानं लहान, पण बोलणं सरळ. त्यांनी बापलेकाला समोर बसवून सांगितलं, की हृदयाची एक नळी बंद पडली आहे, तिथं बारीक फुगा फुगवून आत जाळी बसवायची. मग धोके सांगितले. जिथून नळी घालू तिथं रक्तस्राव होऊ शकतो. औषधाचा जो रंग सोडतो त्याचा किडनीवर ताण येतो. क्वचित हृदयाची नळी फाटते. आणि सगळं नीट झालं तरी नव्या जाळीत रक्ताची गुठळी धरू शकते.

"आन न्हाई बसवली तर?" भिमाजीनं विचारलं.

"तर यापेक्षा मोठा धोका आहे, बाबा. आणि वेळ जातोय."

त्यानं सही केली.

साळुबाई आत टेबलावर पूर्ण शुद्धीत होती. आधी मनगटातून नळी घालून पाहिली, पण ती शीर आवळून बसली, पुढं जाऊ देईना. "जांघेतून घेऊ," असं कुणीतरी म्हणालं. धावपळ झाली. डोक्यावर एक यंत्र इकडून तिकडं फिरत होतं, आणि साळुबाईला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. अशी, की देवीचं तोंडही नीट आठवेना. मग आठवलं. वस्तीवरची जोगेश्वरी, जिच्या दारात ती दरसाल नवरात्रात घटी बसते. नऊ दिवस देवळातच राहायचं, पायात वहाण नाही, डोक्याला फणी नाही, पोटात फळं आणि चहा. तिनं मनातल्या मनात देवीला सांगितलं, "आई, ह्या माणसाला चहा करता येत न्हाई. त्याला चांगला चहा जमत न्हाई तवर मला न्हेऊ नको. ह्यातनं काढलंस, तर औंदा समदा भार तुझ्यावर टाकून घटी बसंन."

देवीनं ऐकलं म्हणा, नाहीतर डॉक्टरीणबाईंचा हात चांगला म्हणा, जाळी बसली आणि छातीतली कळ विरून गेली.

खरी शिक्षा पुढंच होती. जांघेवर वाळूची पिशवी ठेवून तिला सांगितलं, पाय हलवायचा नाही. साळुबाईला पडून राहा म्हणणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाला गोठ्यात कोंडण्यासारखं. वॉर्डात एक बाई फरशी पुसत होती आणि कोपरे सोडत होती. साळुबाईनं जरा वेळ धीर धरला. मग "अगं, कोपऱ्यातनं घे की," म्हणत ती अर्धी उठलीच. पिशवी घसरली. कातडीखाली रक्त साकळून लिंबाएवढी गाठ आली, सिस्टर धावली आणि दोन्ही हातांनी कितीतरी वेळ दाबून धरून राहिली. संध्याकाळपर्यंत सगळी मांडी जांभळासारखी काळीनिळी झाली. त्यात रक्ताच्या तपासणीत किडनीचा आकडाही थोडा वर गेला, म्हणून घरी जाणं लांबलं आणि भरपूर पाणी प्यायचा हुकूम झाला. भिमाजी तांब्या भरून द्यायचा आणि ती पिऊन संपेपर्यंत तिच्याकडं बघत बसायचा.

शेजारच्या खाटेवर एक गेणभाऊ होते. तिच्या माहेरचेच, अवसरीचे, म्हणून ओळख निघाली. त्यांची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी जाळी बसवून ठणठणीत होऊन घरी गेले होते. मग एकदा घास कापताना विळा लागला, रक्त काही थांबेना. रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा हा परताप, असं म्हणून त्यांनी गोळीच सोडली. "आठ दिस बी झालं न्हाईत," गेणभाऊ सांगत होते, "जाळीत गुठळी धरली. व्हती तशी बंद. आता काळीज निम्मंच चालतंया म्हणत्यात. जिना चढाया न्हाई येत."

साळुबाई हे ऐकून खाटेवरून कडाडली, "एवढं कळंना व्हय तुमाला? डागदर काय येडा हाय? गोळी म्हंजे गोळी. घ्यायची म्हंजे घ्यायची."

गेणभाऊ बिचारे मान खाली घालून हो म्हणाले. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी भिमाजीला तेच सांगितलं, "एक वेळ जेवण चुकवा, पण ह्या गोळ्या चुकवू नका. मी बंद करा म्हणेपर्यंत एकही दिवस नाही." गुलाबी आणि पांढरी सकाळी, पिवळी रात्री. गुलाबी आणि पांढरी रक्तासाठी, म्हणजे जाळी उघडी राहावी म्हणून. भिमाजीनं हे वाटेत मंचरपर्यंत तोंडपाठ म्हटलं.

महिना-सव्वा महिना बरा गेला. मांडीचा रंग जांभळ्यातून हिरवा आणि हिरव्यातून पिवळा झाला. टोळी अक्षदा सांभाळत होती आणि साळुबाई ओट्यावर बसून ती चुकीची कशी सांभाळते ते सांगत होती. मग पितृपक्ष सरत आला आणि तिनं जाहीर केलं, की आपण घटी बसणार.

भरत चाकणहून फोनवर तावातावानं बोलला. भिमाजीनं मात्र डॉक्टरीणबाईंना फोन लावून घेतला. त्या म्हणाल्या, फळं, दूध, पाणी भरपूर घेणार असतील, दगदग करणार नसतील, तर बसू द्या. गोळ्या मात्र वेळच्या वेळी. मग ठरलं, की सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन भिमाजी स्वतः देवळात येणार. साळुबाईनं मान डोलावली. पण डोलावताना एक गोष्ट तिनं पोटात ठेवली. त्या देवळात घटी बसलेली बाई औषध घेत नाही. कुणी तसा नियम लिहून ठेवलेला नाही, पण आजपर्यंत कुणी घेतलेलं नाही. अक्षदाची सासू ठमाबाई एका साली तापानं भाजून निघत होती, तरी तशीच बसून राहिली, आणि दसऱ्याला खडखडीत बरी होऊन उठली, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत. देवीच्या दारात बसून गोळ्या खायच्या, म्हणजे तुझा काही भरवसा नाही असं तिला तोंडावर सांगण्यासारखं. आणि साळुबाईनं तर टेबलावर पडल्या पडल्या शब्द दिला होता, सगळा भार तुझ्यावर.

पहिल्या माळेला भिमाजी आला. त्या नऊ दिवसांत बायांच्या बसण्याच्या जागी पुरुष जात नाहीत, म्हणून पायरीवरूनच त्यानं कागदाची पुडी दिली आणि थर्मास दिला. थर्मासात त्यानं स्वतः केलेला चहा होता. साळुबाईनं एक घोट घेतला आणि तिचे डोळे मिटले. पायपुसणं उकळल्यासारखा चहा.

"कसा हाय?"

"न्हाई जमला," ती म्हणाली.

"जमंल," तो म्हणाला, आणि गाईंकडं गेला.

गोळ्या तिच्या मुठीत राहिल्या. फेकाव्या कशा? नवरा सकाळी उठून, चहा करून, अनवाणी चालत घेऊन आला होता. खाव्या कशा? समोर देवी बसली होती. तिच्यापुढं घट मांडलेला. पत्रावळीवर रानातली काळी माती, तिच्यात पेरलेलं धान, मधोमध पाण्यानं भरलेलं मडकं, वर विड्याची पानं आणि नारळ. साळुबाईचं सगळं आयुष्य रोपं लावण्यात गेलेलं. तिनं इकडंतिकडं बघितलं, बोटानं कडेच्या मातीत खड्डा केला, गोळ्या आत सोडल्या आणि वरून माती सारखी केली. "आई, त्यांनी आणलं ते तुला दिलं," ती पुटपुटली, "आता तूच बघ." नवऱ्याचाही शब्द राहिला आणि देवीचाही, असं तिला वाटलं. रात्रीची पिवळीही तिनं तिथंच लावली. दुसऱ्या माळेलाही तेच.

तिसऱ्या माळेला दुपारी बाया गाणी म्हणत होत्या आणि साळुबाईच्या छातीत काहीतरी फडफडलं. कळ नव्हती, पण नुसतं पित्तही वाटेना. तिला एकदम गेणभाऊ आठवले. व्हती तशी बंद. हात आपसूक चंचीकडं, ओव्याकडं गेला, आणि तिच्या लक्षात आलं, की टोमॅटोच्या रानातही आपण हेच केलं होतं. तिला घाम फुटला. आता उठून कुणाला सांगायचं तर काय सांगायचं? जिनं गावभर लोकांच्या नरड्यात औषधं ओतली, जिनं भर वॉर्डात गेणभाऊंना झापलं, तिनं गोळ्या मातीत पुरल्या? देवीकडं बघितलं, तर देवी नेहमीसारखीच बघत होती. जरा वेळानं फडफड थांबली. साळुबाई भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळची पिवळी गोळी तिनं पुन्हा मातीतच लावली. तिला फार भीती वाटत होती आणि ती कुणालाच सांगता येत नव्हती.

चौथ्या माळेला सकाळी ठमाबाई घटाला पाणी घालायला वाकली. वय झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू. धानाला चांगले कोंब आले होते, फिकट पिवळे, आणि त्यांनी मातीला भेगा पाडून ती वर उचलली होती. ठमाबाई वाकलेलीच राहिली. मग तिनं हात जोडले.

"बाया हो," ती म्हणाली, "आईनं मोती दिलं."

सगळ्या बाया जमल्या. खरंच, कडेच्या कोंबांच्या मधून पांढरे, गुलाबी दाणे वर आले होते. पाणी पिऊन फुगलेले, काही फुटलेले. एक-दोन पिवळेही होते. एकीनं कपाळ टेकलं, एकीनं घंटा वाजवली, एक म्हणाली की ही पांढरी म्हणजे चांदी आणि पिवळं म्हणजे सोनं. अक्षदानं कंबरेचा मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. "मावशी," ती म्हणाली, "तुमी सांगा, ह्ये काय आसंल?"

साळुबाई काहीच बोलली नाही. ती नुसती घटाकडं बघत होती.

अक्षदाचा मोबाइल हळूहळू खाली आला. या पोरीनं मावशीला गप बसलेलं याआधी एकदाच पाहिलं होतं. "मावशी," तिचा आवाज बदलला, "छातीत दुखतंय का?"

तेवढ्यात पायरीवर भिमाजी आला. एका हातात थर्मास, एका हातात पुडी. अक्षदानं त्याला हाक मारून सगळं सांगितलं. त्यानं लांबूनच मान उंच करून घट पाहिला. मग हातातली पुडी उघडून आतल्या गोळ्या पाहिल्या. गुलाबी आणि पांढरी. पुन्हा घट पाहिला. पुरुषांनी आत जायचं नाही हे विसरून तो सरळ आत आला, डोक्यावरची टोपी काढली आणि साळुबाईसमोर मांडी घालून बसला. कुणी त्याला अडवलं नाही.

"समद्या?" त्यानं विचारलं.

साळुबाईनं मान हलवली.

"पैल्या माळंपासनं?"

तिनं पुन्हा मान हलवली. बायांना हळूहळू कळू लागलं. घंटा वाजवणारीनं घंटेचा लोलक हातानं धरून ठेवला.

भिमाजी चिडेल, असं साळुबाईला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आपला उजवा हात पुढं केला, तो थरथरत होता. "दवाखान्यात सही केली तवा बी एवढा कापला न्हवता," तो म्हणाला. "का केलंस?"

मग साळुबाईला राहवलं नाही. टेबलावर पडून देवीला काय सांगितलं, ते तिनं सगळं सांगितलं. मनगटातली शीर आवळली ते, भार टाकते म्हटलं ते, आणि चहाचंही. "तुमाला चांगला चहा जमत न्हाई तवर न्हेऊ नको, आसं म्हणले," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. साळुबाईला रडताना गावानं पाहिलं ते तेव्हाच.

भिमाजीनं मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली. एवढं मोठं बोलायची त्याला सवय नव्हती. "म्हंजे माझ्यासाठी मागून आणलंस," तो शेवटी म्हणाला, "आन मागून आणल्यालं मातीत लावलंस व्हय?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

त्यानं घटाकडं बोट केलं. "आन बघ की. तिनं तरी ठेवून घेतल्या का? वर काढून दिल्या. माघारी दिल्या तिनं. ह्या माज्या न्हाईत, तुझ्या तू खा, म्हणती."

साळुबाईनं घटाकडं पाहिलं. कोंबांच्या मधून ते फुगलेले दाणे वर आले होते, हे काही खोटं नव्हतं. भिमाजीनं पुडी तिच्यापुढं धरली. तिनं गुलाबी घेतली, पांढरी घेतली, थर्मासाचं झाकण उघडलं आणि त्याच्या त्या चहाबरोबर दोन्ही गिळल्या.

"जीब वर कर," भिमाजी म्हणाला. बैलाला औषध पाजल्यावर बघतात तसं त्यानं तिच्या तोंडात वाकून बघितलं. बायांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या.

ठमाबाई मात्र हसली नाही. ती खांबाला धरून उभी होती. मोती हातचे गेले याचं वाईट वाटलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. पण ती घसा खाकरून म्हणाली, "साळे, माज्या त्या तापाच्या साली, मी देवळाच्या मागं जाऊन गोळी घेतली व्हती. रोजची दोन टाइम. आईला इचारून घेतली व्हती, पर घेतली व्हती."

अक्षदानं सासूकडं अशी काही नजर टाकली, की त्या घरात पुढं बरेच दिवस ठमाबाईंचा आवाज जरा खालीच राहिला असणार.

भिमाजीनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. सगळ्या देवळानं बोलणी ऐकली. तीन दिवस म्हणजे जिवाशी खेळ होता, नवी जाळी आहे, कल्पना आहे का तुम्हाला, छातीत काही झालं का. साळुबाईनं फडफड सांगितली. "आत्ताच्या आत्ता आळेफाट्याला जाऊन कार्डिओग्राम काढा," फोन म्हणाला. घटी बसलेल्या बाईनं देऊळ सोडायचं कसं, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत ठमाबाईनं साळुबाईचं घोंगडं ओढून त्यावर बसकण मारली. "तुझी जागा मी धरते. जा तू. आई काय कुटं पळून चालली न्हाई."

पुन्हा तीच टोमॅटोची पिकअप, या वेळी अक्षदाही सोबत. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी पट्टी काढली, जुन्या पट्टीशेजारी धरून पाहिली, रक्त तपासलं आणि दुपारपर्यंत बसवून ठेवलं. काही वाकडं नव्हतं. "नशीब तुमचं," ते म्हणाले, "दर वेळी असं सुटता येत नाही." साळुबाईनं "व्हय जी" एवढंच म्हटलं. परतीच्या वाटेत ओतूरला गाडी थांबली तेव्हा तिनं अक्षदाच्या मोबाइलवरून अवसरीला गेणभाऊंना फोन केला. गेणभाऊ घाबरत घाबरत म्हणाले, रोज घेतो गोळ्या, एकही चुकवली नाही. तिनं आपली सगळी गोष्ट त्यांना सांगितली, काही न लपवता. पलीकडून गेणभाऊ इतके हसले, की त्यांना दम लागला, आणि हिनं त्यांना लगेच दमानं हसायला सांगितलं. आरतीच्या आत ती देवळात परत आली होती.

उरलेल्या माळा साळुबाईला तिचंच औषध मिळालं. सकाळ झाली की सगळ्या बाया तिच्याभोवती उभ्या राहायच्या. "मावशी, गिळली का? पाणी प्या वरनं. जीब वर करा." अक्षदा तर कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, हुबेहूब साळुबाईच्या आवाजात बोलायची. साळुबाई निमूट जीभ वर करायची. तिला राग येत नव्हता, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. इतक्या बायांनी आपल्या जगण्यावर असा पहारा ठेवावा, हे तिला मनापासून आवडलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत तिच्या ध्यानात आली होती. तिसऱ्या माळेचा चहा बऱ्यापैकी होता. आलं घातलेलं, साखर बेताची, रंगही आलेला. भीतीच्या भरात त्या दिवशी तिनं त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. पण चौथ्या माळेनंतर चहा पुन्हा बिघडला होता, आणि पहिल्यापेक्षाही जास्त.

दसऱ्याला घट उठला. धान वाटलं. भिमाजीनं आपल्या वाट्याचे कोंब टोपीत खोवले, आणि साळुबाई नऊ दिवसांनी घरी येऊन आपल्या खाटेवर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली, तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. पडल्या पडल्या तिला दारातून भिमाजीची पाठ दिसत होती. चहा उकळत होता आणि आल्याचा, वेलदोड्याचा वास इथपर्यंत येत होता. त्यानं तो गाळला, बशीत थोडा ओतून घोट घेतला आणि समाधानानं मान हलवली. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं, माठातलं पेलाभर गार पाणी घेतलं आणि ते गाळलेल्या चहात ओतून दिलं. थोडा विचार करून चिमूटभर मीठही टाकलं.

साळुबाईनं डोळे मिटून घेतले. तो कप आणि गोळ्या घेऊन आला, तेव्हा आत्ताच जाग आल्यासारखी ती उठून बसली. गुलाबी घेतली, पांढरी घेतली, आणि तो खारट, पाणचट चहा तिनं तळाच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. मग जीभ वर केली. त्यानं वाकून बघितलं.

"आज बी न्हाई जमला," ती म्हणाली.

"जमंल की," भिमाजी रिकामा कप उचलत म्हणाला. "घाई काय हाय?"